नोंदणीकृत कार्यालय (कंपनीचे)

कंपनी निबंधकाच्या दप्तरी नोंदलेला कंपनीचा अधिकृत पत्ता. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 12 नुसार स्थापनेपासून 30 दिवसांत असे कार्यालय असावे लागते आणि तेथे आलेले टपाल घेऊन त्याची पोच देण्याची सोय हवी. कारखाना चाकणला आणि नोंदणीकृत कार्यालय पुण्यात पेठेतल्या एखाद्या सीएच्या पत्त्यावर, असा प्रकार सर्रास दिसतो. तो चालतो, पण पत्ता बदलल्यावर कागद जुनेच राहिले की घोटाळा होतो. या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने वा कुरिअरने आलेली नोटीस कंपनीला बजावली गेली असे कायदा धरून चालतो. कंपनी तेथून कधीच उठून गेली होती, या सबबीला फारसा अर्थ उरत नाही.

कार्यालयाबाहेर कंपनीचे नाव आणि पत्ता यांची ठळक पाटी लावणे सक्तीचे आहे. पाटीवरची लिपी त्या परिसरातल्या प्रचलित भाषेची नसेल, तर तिच्या जोडीला त्या भाषेच्या लिपीतही मजकूर द्यावा लागतो. म्हणजे सांगली-साताऱ्याकडे देवनागरी पाटी खुद्द केंद्रीय कायद्यानेच मागितली आहे. इंग्रजी पाटीवर भागवणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसते. नाव बदलले असल्यास पुढची दोन वर्षे जुने नावही सोबत दाखवावे लागते.

पत्ता बदलण्याची रीत अंतरानुसार जड होत जाते. त्याच शहराच्या हद्दीत संचालक मंडळाचा ठराव पुरतो. हद्दीबाहेर जायचे तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. मुंबईच्या निबंधकाकडून पुण्याच्या निबंधकाच्या क्षेत्रात जाताना राज्य तेच असले तरी प्रादेशिक संचालकांची मंजुरी घ्यावी लागते. राज्यच बदलले, तर घटनापत्रकात दुरुस्ती होते आणि कंपनीचा 21 अक्षर-अंकांचा ओळख क्रमांकही बदलतो, कारण ‘एमएच’सारखी राज्याची खूण त्यातच असते. बदल झाल्यावर 30 दिवसांत आयएनसी-22 हा फॉर्म भरायचा असतो. सोबत भाडेकरार, मालकाचे संमतिपत्र आणि दोन महिन्यांच्या आतले लाइट बिल जोडतात. प्रत्यक्षात घोडे अडते ते बहुधा मालकाच्या सहीपाशी.

चूक राहिल्यास कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्यांना दिवसाला 1,000 रुपये, कमाल 1 लाखापर्यंत दंड होतो. कागदोपत्री कंपन्यांना आळा घालण्यासाठी 2019 मध्ये जुन्या कंपन्यांकडून कार्यालयाचे बाहेरून आणि आतून काढलेले फोटो मागवले गेले. आतल्या फोटोत निदान एक संचालक दिसणे आवश्यक होते. ही माहिती वेळेत न देणाऱ्यांना नंतर 10,000 रुपये शुल्क भरावे लागले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने निबंधकाला जागेवर जाऊन पाहणी करण्याचा अधिकार मिळाला. कंपनी प्रत्यक्षात कारभार करत नाही असे आढळले, तर तिचे नाव नोंदवहीतून काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते.

निबंधकाकडची नोंद बदलली म्हणून इतरत्र ती आपोआप बदलत नाही. जीएसटीतली दुरुस्ती 15 दिवसांत वेगळी करावी लागते. गुमास्ता, भविष्यनिर्वाह निधी, पॅन आणि बँक यांची कामे निराळीच. बिलबुके आणि लेटरहेडवरही पत्ता, ओळख क्रमांक, फोन आणि ई-मेल छापणे बंधनकारक असल्याने जुना छापील साठा नव्या पत्त्यावर वापरता येत नाही.