वय की जात? बिबट्याच्या दोन नावांचा इतिहास

राजुरीत येऊन बिबट्यावर बोलायचं म्हणजे आम्ही तुम्हाला काय नवीन सांगणार! ऊसतोड सुरू झाली की आपल्या जुन्नर-आंबेगावात फडात पिल्लं सापडतात. माणसं गोळा होतात आणि पहिला प्रश्न निघतो : हे बिबट्याचं, रानमांजराचं, की वाघाटीचं? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मोठमोठी माणसं त्यात चुकली आहेत.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज शिकारी आणि अभ्यासक यांच्यात एक वाद रंगला होता. भारतात बिबट्या एक की दोन? मोठा, लांब अंगाचा एक. लहान, गोल डोक्याचा, दाट केसांचा दुसरा. रॉबर्ट स्टर्नडेल यांनी १८८४ च्या आपल्या सस्तन प्राण्यांवरच्या ग्रंथात या दोन स्वतंत्र जाती मानल्या. स्टर्नडेल काही ऐकीव लिहिणारे नव्हते. सातपुड्यात सिवनी भागात त्यांनी नोकरी केली होती. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. १८८६ मध्ये तिचं नियतकालिक निघालं, तेव्हा एटकिन यांच्याबरोबर तेच त्याचे संपादक होते.

पण चारच वर्षांनी, १८८८ मध्ये, विल्यम ब्लॅनफर्ड यांनी आपल्या ग्रंथात बिबट्याची जात एकच धरली. आज तेच मान्य आहे.

मग चूक कुठे झाली? भारतातला पूर्ण वाढलेला नर साधारण ५० ते ७५ किलोचा, मादी बहुधा ३० ते ४० ची. तरुण बिबट्याची कवटी गोल, गुळगुळीत असते. वय वाढतं तसे जबड्याचे स्नायू मोठे होतात, ते डोक्यावर वर सरकतात आणि म्हाताऱ्या नराच्या कवटीवर मधोमध हाडाचा उंच कंगोरा उभा राहतो. आता असा नर आणि तरुण मादी यांच्या कवट्या शेजारी ठेवा. कुणालाही दोन जाती वाटतील!

असं फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. समुद्रात सँड डॉलर नावाचा चपटा, नाण्यासारखा प्राणी असतो. काही जातींच्या कवचाला आरपार भोकं असतात, आणि त्यांवरून जाती ओळखतात. पण अगदी लहान पिल्लाला ती भोकं नसतातच. कडेला खाच पडते आणि वाढताना ती मिटत जाऊन भोक होतं. लुई अगासी यांनी १८४१ मध्ये या प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. पुढे १८७२ ते ७४ या काळात त्यांचे चिरंजीव अलेक्झांडर यांनी सगळ्या वर्गीकरणाची फेरतपासणी केली. लहानापासून मोठ्यापर्यंतचे नमुने त्यांनी ओळीनं मांडले. वेगवेगळी नावं मिळालेले काही नमुने मग एकाच प्राण्याची बालपण आणि प्रौढपण निघाले.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ‘हे काय आहे?’ असं आपण विचारतो, तेव्हा वस्तू जणू थांबलेली आहे असं धरून चालतो. जिवंत प्राणी थांबलेला नसतो. म्हणून आधी विचारायचं, ‘याचं वय काय?’

आता परत उसाच्या फडात या. पूर्ण वाढलेली वाघाटी जेमतेम एक-दीड किलोची. बिबट्याचं काही आठवड्यांचं पिल्लूही तेवढंच भरतं. रानमांजराच्या पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात, मोठेपणी ते पुसट होत जातात. म्हणजे नुसता आकार किंवा नुसती नक्षी पाहून निवाडा करता येत नाही. आणि इथली चूक ग्रंथातल्या चुकीसारखी पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होत नाही. वाघाटीची पिल्लं ‘बिबट्याची’ म्हणून उचलली, तर ती आईला मुकतात. बिबट्याची ‘मांजराची’ म्हणून घरी नेली, तर त्यांच्या शोधात मादी रात्री वस्तीभोवती फिरते.

तेव्हा तोड तेवढ्यापुरती थांबवा, पिल्लांना हात लावू नका, वनखात्याला कळवा. जात आणि वय दोन्ही ओळखणारी माणसं जवळच, माणिकडोहच्या बिबट केंद्रात आहेत. अंधार पडला की आई बहुधा येतेच. तिला आपलं पिल्लू ओळखायला ग्रंथ लागत नाही.