ड्युटी संपली तरी डॉक्टर, नर्सने मदतीला यायलाच हवं का? कायदा काय सांगतो आणि गावाने काय करायचं

प्रसंग आपल्या ओळखीचा आहे. रात्रीचे दहा वाजलेत. फाट्यावर दुचाकी घसरली, पोरगा रस्त्यावर पडलाय, डोक्यातून रक्त येतंय. १०८ ला फोन लावला, पण गाडी यायला वेळ आहे. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "अरे, वरच्या आळीतला डॉक्टर सुट्टीला आलाय, बोलवा त्याला." नाहीतर, "त्या निवृत्त सिस्टर आहेत ना देवळाजवळ, त्यांना हाक मारा."

मग दोन्हीकडे प्रश्न उभे राहतात. गावाला वाटतं, डॉक्टर आहे म्हटल्यावर त्याने आलंच पाहिजे. डॉक्टरच्या मनात येतं, हात लावला आणि पोरगा दगावला तर केस माझ्यावर होईल का? या घोळात मिनिटं जातात, आणि अशा वेळी मिनिटंच महत्त्वाची असतात. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊ. बातमी जपून ठेवा, ग्रुपवरही टाका.

आधी थोडक्यात उत्तर

- दवाखान्यात किंवा ड्युटीवर असलेल्या डॉक्टरला तातडीच्या रुग्णावर प्राथमिक उपचार करावेच लागतात. नकार देता येत नाही.
- ड्युटीवर नसलेल्या डॉक्टरने मदतीला धावून जावं, असं वैद्यकीय आचारनियम सांगतात. मात्र रस्त्यावर थांबला नाही म्हणून थेट तुरुंगात टाकणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही.
- चांगल्या हेतूने, फुकट मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मग तो डॉक्टर असो, नर्स असो की शेतकरी.

'ड्युटी संपली' म्हणजे नेमकं काय?

गावात सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी दुपारी बंद झाली म्हणजे केंद्र बंद झालं, असं नाही. ओपीडीची वेळ वेगळी, तातडीची सेवा वेगळी. वैद्यकीय अधिकाऱ्याने मुख्यालयी राहावं, ही अट त्यासाठीच असते. रात्री बाळंतीण आली, साप चावलेला आला, तर हजर असलेल्या सिस्टरने डॉक्टरांना बोलवायचं आणि त्यांनी यायचं. याला 'ऑन कॉल' म्हणतात. ऑन कॉल म्हणजे सुट्टी नव्हे, ती ड्युटीच आहे.

रजा मंजूर करून गावी आलेला डॉक्टर, क्लिनिक बंद करून घरी गेलेला खासगी डॉक्टर, लग्नाला आलेली नर्स, निवृत्त सिस्टर, ही खरी 'ड्युटीवर नसलेली' मंडळी. पुढचा बराचसा मजकूर त्यांच्याबद्दल आहे.

नियम काय म्हणतो?

ॲलोपॅथी डॉक्टरांसाठी २००२ चे आचारनियम आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित केले आणि जुनेच चालू ठेवले. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आहेत. पहिली, कुणावर उपचार करायचे हे ठरवायचं स्वातंत्र्य डॉक्टरला आहे. दुसरी, तातडीच्या प्रसंगी मदतीची हाक आली तर मात्र त्याने प्रतिसाद द्यावा.

म्हणजे सर्दी-खोकल्याला घरी आलेल्या माणसाला "उद्या दवाखान्यात या" म्हणता येतं. पण दारात माणूस बेशुद्ध पडला असताना "आज सुट्टी आहे" म्हणणं या नियमाला धरून नाही. अजून एक गोष्ट त्याच नियमांत आहे. एकदा रुग्ण हातात घेतला की त्याला अर्ध्यावर वाऱ्यावर सोडायचं नाही. रस्त्यावरच्या मदतीत याचा साधा अर्थ असा, की ॲम्ब्युलन्स येईपर्यंत किंवा दुसऱ्या जाणत्या हातात देईपर्यंत थांबायचं.

सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल

पहिला निकाल २८ ऑगस्ट १९८९ चा. परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार, हे त्या खटल्याचं नाव. एका स्कूटरवाल्याला गाडीने उडवलं. एका भल्या माणसाने त्याला जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे सांगितलं, ही पोलीस केस आहे, इथे घेत नाही, दुसऱ्या हॉस्पिटलात न्या. ते सुमारे २० किलोमीटर लांब. जखमी वाटेतच गेला. ही बातमी पेपरात आली आणि प्रकरण कोर्टात गेलं.

कोर्टाने स्पष्ट सांगितलं, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्यासाठी आपलं कौशल्य वापरणं हे त्याचं व्यावसायिक कर्तव्य आहे. आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर. आजही कुणी "आधी पोलिसांना आणा" म्हणालं, तर हा निकाल लक्षात ठेवा.

दुसरा निकाल १९९६ चा, पश्चिम बंगालमधल्या शेतमजूर संघटनेच्या खटल्यातला. १९९२ साली एक मजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. कोलकात्यात एका सरकारी दवाखान्यातून दुसऱ्यात फिरवलं, कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खासगीत सुमारे १७ हजार रुपये घालवून उपचार घ्यावे लागले. कोर्टाने सरकारला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. सरकारी दवाखान्यात वेळेवर उपचार न मिळणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं कोर्ट म्हणालं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ हीच गोष्ट अपघाताबाबत सांगतं. जखमी समोर आला की नोंदणीकृत डॉक्टरने किंवा ड्युटीवरच्या डॉक्टरने कागदपत्रांची वाट न बघता लगेच उपचार सुरू करायचे. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेवर तर सरकारी आणि खासगी, सगळ्याच रुग्णालयांनी मोफत उपचार करायचे आहेत. टाळाटाळ केली तर रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

हात लावला आणि काही झालं तर?

डॉक्टर-नर्स मंडळींनी हा भाग नीट वाचावा.

१. रस्ते अपघात असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ लागू होतं. २०१९ च्या दुरुस्तीने ते आलं. अपघाताच्या जागी चांगल्या हेतूने, स्वतःहून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत केली आणि त्यात काही चूक झाली, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. वैद्यकीय मदतही यात धरली आहे. म्हणजे सुट्टीवरचा डॉक्टर फी न घेता थांबला, तर त्यालाही हे संरक्षण आहे.

२. साप चावला, विहिरीत पडला, छातीत कळ आली, अशा प्रसंगी हे कलम लागू होत नाही, कारण ते फक्त वाहन अपघातापुरतं आहे. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३० उपयोगी पडतं. माणूस बेशुद्ध आहे, संमती देऊ शकत नाही, जवळ नातेवाईक नाही, आणि त्याच्या भल्यासाठी चांगल्या हेतूने काही केलं, तर तो गुन्हा होत नाही. पूर्वीच्या आयपीसीतही असंच कलम होतं.

३. डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी गुन्हा लावायचा तर चूक मोठी आणि ढोबळ असावी लागते, असं सुप्रीम कोर्टाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं आहे. रुग्ण वाचला नाही, एवढ्यावरून गुन्हा ठरत नाही.

४. फुकट केलेल्या मदतीवर ग्राहक न्यायालयात दावा टिकत नाही, कारण मोफत सेवा ग्राहक कायद्याच्या व्याख्येत बसत नाही.

मर्यादा एकच. आपल्याला येतं तेवढंच करायचं. डोळ्यांचे डॉक्टर असाल तर रस्त्यावर छाती उघडायला कुणी सांगत नाही. दारू घेतली असेल, तर स्वतः हात न लावता दुसऱ्याला सूचना देणं आणि फोन करणं, ही सुद्धा मदतच आहे.

नर्स, आशाताई, सीएचओ, मेडिकलवाले

२००२ चे नियम ॲलोपॅथी डॉक्टरांचे आहेत. बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर आणि नर्स यांच्या परिषदा वेगळ्या. पण मदत करणाऱ्याला मिळणारं संरक्षण सगळ्यांना सारखं आहे.

आशाताईंकडून मात्र गावाने भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. त्या डॉक्टर नाहीत. इंजेक्शन, सलाईन त्यांच्याकडून मागू नका. कोणता फोन लावायचा, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हे त्यांना चांगलं माहीत असतं. मेडिकल दुकानदाराकडूनही "काहीतरी सुई द्या" असा आग्रह नको.

हातात काही नसताना डॉक्टर तरी काय करणार?

हा प्रश्न खरा आहे. घरी ऑक्सिजन नसतो, सापाची लस नसते. म्हणून डॉक्टरने "इथे काही होणार नाही, लगेच हलवा" म्हटलं, तर तो टाळतोय असं समजू नका. तो सल्लासुद्धा उपचारच आहे. आणि रिकाम्या हातानेही बरंच होतं. यातलं बहुतेक काम आपणही शिकू शकतो.

- रक्तस्राव: स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब धरा. सारखं उघडून बघू नका.
- श्वास थांबला, माणूस हलत नाही: छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भराभर दाब द्या, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मोठ्या माणसाची छाती साधारण ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. दमलात तर दुसऱ्याने घ्या, पण थांबू नका.
- बेशुद्ध पण श्वास चालू: कुशीवर वळवा, तोंडात पाणी घालू नका. अपघातात मानेला मार असेल तर उगाच हलवू नका.
- सर्पदंश: माणसाला चालवू नका, हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. लस दवाखान्यातच मिळते.
- कीटकनाशक पोटात गेलं: उलटी करवू नका. औषध लागलेले कपडे काढा, अंग धुवा, बाटली सोबत न्या.

गावाने काय करायचं?

पहिलं काम, हाक मारण्याआधी किंवा हाक मारतानाच १०८ लावा. दोन माणसं, दोन कामं. डॉक्टर शोधत बसायचं आणि ॲम्ब्युलन्स राहून गेली, असं होऊ देऊ नका.

दुसरं, मदतीला आलेल्या माणसाभोवती गर्दी करू नका. व्हिडिओ काढू नका. दोन जण उजेड धरा, बाकीचे रस्त्यावर गाड्या थांबवा.

तिसरं, रुग्ण गेला तर त्या डॉक्टरवर किंवा सिस्टरवर राग काढू नका. दवाखान्यात डॉक्टरला मारहाण केली तर महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, नुकसानीच्या दुप्पट भरपाई वेगळी. पण कायद्याचं सोडा. एकदा मार खाल्लेला डॉक्टर पुढच्या वेळी दार उघडेल का? आणि ती पुढची वेळ कुणाच्या घरावर येईल, हे सांगता येत नाही.

चौथं, आपल्या गावात कोण कोण आहे याची यादी आधीच करून ठेवा. निवृत्त सिस्टर, बाहेर नोकरीला असलेले डॉक्टर, ॲम्ब्युलन्सवर काम केलेला पोरगा. त्यांना विचारून, त्यांच्या संमतीनेच नंबर ग्रामपंचायतीत लावा.

मदत करणाऱ्याने लक्षात ठेवायचे हक्क

अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेलं तर पोलीस किंवा दवाखाना तुम्हाला नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत. तुम्हाला अडवून ठेवता येत नाही, रुग्णाचं बिल तुमच्याकडे मागता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्र सरकारच्या 'राह-वीर' योजनेत २५ हजार रुपयांचं बक्षीस आहे. आणि मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवलेल्या रुग्णालयांत दीड लाखापर्यंत, अपघातापासून सात दिवस, रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची योजना लागू आहे.

तक्रार कुठे करायची?

दवाखान्याने तातडीचा रुग्ण परत पाठवला, तर तारीख, वेळ, कोण काय बोललं हे लिहून ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्राची तक्रार तालुका आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाची जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. ॲलोपॅथी डॉक्टरच्या वागण्याची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. सुट्टीवरच्या डॉक्टरने जाणूनबुजून पाठ फिरवली, अशी तक्रारही तिथे करता येते. पण आधी स्वतःला विचारा, त्याला प्रसंग खरंच कळला होता का? तो आजारी तर नव्हता ना?

हे नंबर मोबाइलमध्ये ठेवा: ॲम्ब्युलन्स १०८, गरोदर माता आणि बाळासाठी १०२, आरोग्य सल्ला १०४, पोलीस आणि इतर तातडीची मदत ११२.

कायदा डॉक्टरला हाताला धरून घराबाहेर काढू शकत नाही. तो एवढंच सांगतो, की बाहेर पडलास तर मी तुझ्या पाठीशी आहे. पाठीशी गावही आहे, हे त्याला आपण दाखवायचं.