काचबंद ब्लाइंड्स (मोटरचलित)

काचबंद ब्लाइंड्स : दोन काचांमधल्या हवाबंद पोकळीत बसवलेला, मोटरने वरखाली होणारा व कलणारा आडव्या पट्ट्यांचा पडदा. अशा दुहेरी काचेला अ‍ॅल्युमिनियम खिडक्यांच्या धंद्यात 'डीजीयू' म्हणतात. खोलीत लटकणाऱ्या ब्लाइंडपेक्षा हा वेगळा, कारण त्यावर धूळ बसत नाही, दोरी लोंबत नाही आणि बिघडल्यास हात घालता येत नाही. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने मीरा-भाईंदर (जि. ठाणे) व लगतच्या किनारपट्टीचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : पट्ट्यांच्या पडद्याचे पेटंट एडवर्ड बेव्हन यांनी लंडनमध्ये 1769 साली घेतले, तर दोन काचांमध्ये हवा कोंडण्याचे न्यूयॉर्कच्या टॉमस स्टेटसन यांनी 1865 साली. पिलकिंग्टन कंपनीने 1959 मध्ये जाहीर केलेल्या फ्लोट पद्धतीमुळे सपाट, निर्दोष काच स्वस्त झाली आणि डीजीयूचा प्रसार सुकर झाला. महाराष्ट्रात काच म्हटले की तळेगावचा पैसा फंड कारखाना आणि ओगलेवाडी ही नावे पुढे येतात. पण तेथील काम फुंकीच्या व साच्याच्या काचेचे होते, खिडकीच्या तावदानाचे नव्हे. ऊन गाळून घेण्याची जुनी सोय म्हणजे लाकडी झिलमिळ्या आणि गोव्यातील घरांच्या खिडक्यांना लावलेल्या शिंपल्यांच्या दुधी चकत्या.

रचना : दोन टफन काचा, त्यांच्यामध्ये कडेने फिरणारी अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी (स्पेसर) आणि त्या पट्टीत भरलेले आर्द्रताशोषक दाणे. साध्या डीजीयूत पोकळी बहुधा 12 मिमी.च्या आसपास असते. ब्लाइंड मावण्यासाठी ती 20 ते 32 मिमी. ठेवावी लागते. ब्लाइंडच्या पट्ट्या साधारण 12.5 किंवा 16 मिमी. रुंदीच्या असतात. मोटर वरच्या पेटीत बसते आणि 24 व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालते. तिची तार स्पेसरमधून बाहेर काढून ती जागा पुन्हा सीलबंद करतात. दुसऱ्या पद्धतीत मोटर खोलीच्या बाजूला काचेवर चिकटते. तिचे चुंबक पोकळीतल्या चुंबकाला काचेपलीकडून फिरवते, त्यामुळे सीलला भोक पाडावे लागत नाही. ग्राहक रिमोट पाहतो. जाणकाराने आधी भोक पाहावे.

काचेचे वजन दर मिमी. जाडीला चौ.मी.मागे 2.5 किग्रॅ. भरते. 5 मिमी.च्या दोन काचा घेतल्या तर 2.1 × 0.9 मी.च्या दारात नुसती काचच सुमारे 47 किग्रॅ. होते. स्लायडिंगची चाके आणि बिजागऱ्या या हिशेबाने निवडाव्या लागतात.

सील व आर्द्रता : या वस्तूचे आयुष्य मोटर नव्हे, सील ठरवते. काच आणि स्पेसर यांच्यामध्ये ब्युटिलचा पातळ थर असतो, तो बाष्प अडवतो. त्याच्या बाहेर पॉलिसल्फाइड किंवा सिलिकोनचा जाड थर असतो, तो काचांना जागेवर धरून ठेवतो. सिलिकोन उन्हात टिकते, पण बाष्प सहज आत सोडते. म्हणून ब्युटिलचा थर कोपऱ्यात तुटला तर बाहेर कितीही सिलिकोन भरून उपयोग नसतो.

मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनकडे समुद्र आणि मध्ये मिठागरे व खारफुटी आहेत. पावसाळ्यात येथील हवेचा दवबिंदू 25° से.च्या घरात असतो. त्या दिवसांत जोडणीच्या गाळ्याचे शटर उघडे ठेवून डीजीयू भरली, तर तीच दमट हवा आत कोंडली जाते आणि ती सुकवण्यातच दाण्यांची बरीच ताकद खर्ची पडते. दाणे 3ए जातीच्या मॉलिक्युलर सीव्हचे असावेत. त्यांची छिद्रे पाण्याचा रेणू घेतात, नायट्रोजनचा घेत नाहीत. 4ए दाणे नायट्रोजनही घेतात आणि तापले की सोडतात, त्यामुळे पोकळीतला दाब उगाच बदलत राहतो. ब्लाइंडमुळे आणखी एक अडचण येते. दोऱ्या, प्लास्टिकचे भाग आणि मोटरचे वंगण तापल्यावर त्यांतून बाष्पशील द्रव्ये सुटतात व काचेच्या आतल्या अंगावर धुरकट थर धरतो. तो पाण्याचा नसल्याने दाणे त्यापुढे हतबल ठरतात. डीजीयूसाठीच्या ईएन 1279 या युरोपीय मानकात अशा धुरकटपणाची चाचणी आहे.

याच हवेत डीजीयूचा एक फायदाही दिसतो. एसी 22° वर चालू असलेल्या खोलीच्या एकेरी काचेला पावसाळ्यात बाहेरून पाणी सुटते. दुहेरी काचेचा बाहेरचा ताव उबदार राहत असल्याने ते बहुधा टळते.

दाब : बंद पोकळीतली हवा 25° वरून 60° वर गेली आणि आकारमान तेच राहिले, तर दाब सुमारे 12 टक्के वाढतो. प्रत्यक्षात काचा बाहेर फुगून तो बराचसा हलका करतात. लहान व जाड काच फुगत नाही, तेथे ताण सीलवर येतो. पोकळी रुंद असेल तर हवा जास्त, म्हणून फुगवटाही जास्त. आणि गडद रंगाच्या पट्ट्या ऊन पिऊन ती अधिकच तापवतात. पश्चिमेच्या खिडकीला पांढऱ्या किंवा फिकट पट्ट्या घ्याव्यात, हे रंगसंगतीच्या तज्ज्ञांना रुचत नाही. भाईंदरमध्ये, म्हणजे समुद्रसपाटीला, सीलबंद केलेली डीजीयू सुमारे 1,350 मी. उंचीच्या महाबळेश्वरला नेली, तर तेथे बाहेरचा दाब जवळपास 15 टक्क्यांनी कमी मिळतो व काच जागेवर बसण्यापूर्वीच फुगते. त्यासाठी स्पेसरमध्ये बारीक नळी ठेवून ती मुक्कामी बंद करतात.

ऊन : मीरा-भाईंदर सुमारे 19.3° उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास व जुलैअखेरीस सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो. डिसेंबरमध्येही तो दक्षिणेला सुमारे 47° उंचीवर असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीचे काम छज्ज्याने भागते. पश्चिमेला संध्याकाळचे ऊन छज्ज्याखालून सरळ आत येते, आणि ब्लाइंडचा खरा उपयोग तेथेच आहे. बाहेरची सावली सर्वांत प्रभावी, खोलीतला पडदा सर्वांत कमी. काचबंद ब्लाइंड या दोहोंच्या मध्ये बसतो. काच विकताना ही क्रमवारी क्वचितच सांगितली जाते.

नियम : 2018 च्या इको-निवास संहितेने निवासी इमारतींच्या बाह्य आवरणातून (छत सोडून) आत येणाऱ्या सरासरी उष्णतेची मर्यादा (थंड प्रदेश वगळता) चौ.मी.मागे 15 वॅट ठरवली. उष्ण-दमट विभागात, ज्यात मुंबई परिसर येतो, उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान 16.66 टक्के हवे. मोठी, कायमची बंद काच या दुसऱ्या अटीला हातभार लावत नाही. काचेची जाडी वाऱ्यावर ठरते. आयएस 875 नुसार मुंबईसाठी मूलभूत वेग सेकंदाला 44 मी. धरतात.

ध्वनिरोध : पट्ट्यांनी नगण्य फरक पडतो, जो पडतो तो काचेने व गॅस्केटने.

स्थानिक व्यवसाय : भाईंदर पूर्वेचे औद्योगिक गाळे काचकामापेक्षा स्टेनलेस स्टीलच्या कामासाठी अधिक ओळखले जातात.

दुरुस्ती : मोटर पोकळीत असेल तर ती बदलण्यासाठी सहसा पूर्ण डीजीयूच बदलावी लागते, चुंबकी पद्धतीत मोटर बाहेर असल्याने काचेला हात लावावा लागत नाही. मोटर पोकळीत असेल तर वरच्या मजल्यावर, जेथे काच बाहेरून झुल्यावर उभे राहून काढावी लागते, तेथे काच धरणारी पट्टी (बीडिंग) खोलीच्या बाजूने बसवून घेणे सोयीचे.