बाबागाडीतून कधी उतरायचे?

मुंबईच्या विमानतळावर मी चाकांच्या खुर्चीत बसले होते. पायांना काही झाले नव्हते. आमच्या घरामागची टेकडी मी अजून रोज सकाळी चढते. पण मुलाने तिकीट काढतानाच ती सोय मागून ठेवली होती. "आई, मधे विमान बदलायचंय. कुणी काही विचारलं तर तुझी धांदल उडेल. खुर्ची ढकलणारा माणूस तुला बरोबर दारापर्यंत पोचवेल," असे त्याचे म्हणणे. माझ्या पुढे-मागे अशा खुर्च्यांची रांगच होती. त्यांतले बरेचसे आजी-आजोबा विमानाच्या दाराशी उठले आणि तुरुतुरु चालत आत गेले. मीही त्यांतलीच.

पंधरा दिवसांनी फ्लोरिडात, ऑरलँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डमध्ये, सून माझ्या सात वर्षांच्या नातवासाठी भाड्याची बाबागाडी घेऊ लागली. मला राहवले नाही. "अगं, एवढा घोडा झालाय! त्याला कसली बाबागाडी? लोक काय म्हणतील?" सून काही बोलली नाही. तिने पैसे भरले आणि गाडी घेतली. बोलला तो नातू. मला घ्यायला विमानतळावर आला तेव्हा त्याने मला त्या खुर्चीतच पाहिले होते. "आजी, तू पण बसली होतीस ना? तुला तर चालता येतं!"

सून दिवसभर माझ्याशी कामापुरतेच बोलली. मी पस्तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. निरुत्तर झाले की जुनी कागदपत्रे उघडून बसायचे, ही माझी खोड. परत आल्यावर तेच केले. चालता येणाऱ्या माणसाने चाकांवर बसण्याची लाज कुठून आली, हे मला पाहायचे होते.

सुरुवात आपल्या शब्दांपासून करू. मराठी घरांत मुलासाठी चाके असलेल्या दोन वस्तू आल्या. एक पांगुळगाडा. तीन चाकांचा, लाकडी, सुताराकडून करून घेतलेला. त्यात मूल बसत नाही, त्याला धरून उभे राहते आणि पाऊल टाकायला शिकते. दुसरी बाबागाडी. ही साहेबाच्या घरातून आली. 'बाबा' म्हणजे साहेबाचे मूल, त्याला फिरवणारी आया आणि ती गाडी, असे ते चित्र. पांगुळगाडा चालायला लावतो, बाबागाडी बसवून नेते. पुढे पांगुळगाडा हा शब्द आपण परावलंबनासाठीही वापरू लागलो. 'अजून किती दिवस बापाचा पांगुळगाडा धरणार?' असे मोठ्या मुलालाही ऐकवतो. माझ्या तोंडून त्या दिवशी जे निघाले, त्यामागे हा सगळा शब्दसंस्कार होता.

आता खुद्द गाडीकडे वळू. इंग्लंडमध्ये १७३३च्या सुमारास विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक लहान गाडी तयार केली. तिला शेळी किंवा लहान तट्टू जुंपायचे. म्हणजे मुलांच्या गाडीचा आरंभ झाला तो गरज म्हणून नव्हे, थाट म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गाडी मागून ढकलण्याची पद्धत रुळली आणि ती दाईच्या हाती आली. १८८९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन यांनी एक सुधारणा पेटंट करून घेतली. मुलाचे तोंड ढकलणाऱ्याकडे किंवा रस्त्याकडे, हवे तसे फिरवता येऊ लागले. तरीही ही गाडी जड होती आणि मुख्यतः तान्ह्या बाळासाठी होती. मूल चालू लागले की ती माळ्यावर जायची किंवा पाठच्या भावंडाला मिळायची. 'कधी उतरायचे' हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तो उद्भवला १९६५नंतर. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश विमान-अभियंते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केले होते. विमानाची चाके जशी दुमडून पोटात जातात, तसे दुमडण्याचे तंत्र त्यांना अंगवळणी पडलेले. लेक नातवंडाला घेऊन परदेशातून आली, तेव्हा तिची ती अवजड गाडी पाहून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी बनवली. वजन जेमतेम पावणेतीन किलो. ती एका हाताने उचलून बसमध्ये, आगगाडीत, विमानात नेता येई. पाळण्यासारखा आकार जाऊन खुर्चीचा आकार आला. जुनी गाडी चालता न येणाऱ्या बाळाची होती. ही नवी गाडी चालता येते पण दमते, अशा मुलाचीही झाली. वयाचा वाद या दुसऱ्या गाडीबरोबर आला.

इथपर्यंतचा इतिहास मुलांचा. पण करमणुकीच्या जागी चाकांच्या खुर्चीत बसण्याची पद्धत मुलांनी आणलेली नाही. ती मोठ्यांची आहे आणि आजारी नसलेल्या मोठ्यांची आहे. १८७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शताब्दी साजरी करणारे प्रदर्शन भरले. तिथे चाकांच्या खुर्च्या भाड्याने मिळत. १८८०च्या दशकात अटलांटिक सिटीच्या समुद्रकाठच्या लाकडी फरसबंदीवर अशाच खुर्च्या आल्या. आधी त्या आजाऱ्यांसाठी होत्या. थोड्याच काळात धडधाकट श्रीमंत जोडपी त्यांत बसून समुद्राची हवा खाऊ लागली आणि ते चैनीचे लक्षण झाले. १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले. सहाशेहून अधिक एकर जागा, सहा महिन्यांत सुमारे पावणेतीन कोटी भेटी. तिथेही खुर्च्या होत्या आणि त्या ढकलायला महाविद्यालयीन विद्यार्थी नेमले होते. पैसे मोजून दमणूक टाळणाऱ्या त्या मोठ्या माणसांना कुणी 'एवढा घोडा झालाय' म्हटले नसणार.

शिकागोच्या त्या प्रदर्शनाच्या बांधकामावर राबलेल्या कामगारांत इलायस डिस्ने नावाचा एक सुतार होता. आठ वर्षांनी, १९०१ साली, त्याच शहरात त्याला मुलगा झाला, तो वॉल्ट. हा वॉल्ट पुढे सांगत असे की, उद्यानाची कल्पना त्याला लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये सुचली. मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि तो बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत राही. मुले आणि आईबाप या दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी, असे त्याला वाटले. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला डिस्नेलँड उघडले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडातले डिस्ने वर्ल्ड सुरू झाले आणि १९८२ साली त्याच दिवशी तिथलेच एपकॉट.

वॉल्टच्या गोष्टीतला तो बाक मला महत्त्वाचा वाटतो. जुन्या बागेत बाप बसलेला असे आणि मूल खेळत असे. दमले की येऊन त्याला चिकटत असे. नव्या उद्यानात कुटुंब एकत्र चालू लागले आणि चाल ठरली ती मोठ्यांच्या पायांची. एपकॉटमधला देशोदेशीच्या दालनांचा तळ्याभोवतीचा रस्ताच जवळजवळ दोन किलोमीटरचा. एपकॉटच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोकांनी एक विनोद रचला आहे. त्याचा अर्थ असा की, इथून प्रत्येक जण दमूनच बाहेर पडतो. पहिल्या दिवशी माझ्या मोबाईलने १९,००० पावले मोजली. नातवाचे पाऊल माझ्यापेक्षा लहान. तेवढेच अंतर चालायला त्याला किती पावले लागली असती, हा हिशेब मी गाडीवर टीका करताना केला नव्हता.

मग मोठे मूल म्हणजे कोण? उद्यानात या प्रश्नाची तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही वेगळी. तिकिटाच्या खिडकीवर तीन वर्षांखालच्या मुलाला प्रवेश फुकट, तीन ते नऊ बालक आणि दहाव्या वर्षापासून प्रौढ. पाळण्यांच्या दाराशी वय विचारत नाहीत, उंची मोजतात. तिथल्या स्पेस माउंटनसाठी ४४ इंच लागतात. माझा नातू त्यात बसला, मी बसले नाही. भाड्याच्या गाडीला वजनाची मर्यादा, ५० पौंड, म्हणजे साडेबावीस किलोच्या आसपास. ही मापेही स्थिर नाहीत. युरोपात बाबागाडीच्या मानकात पूर्वी १५ किलोपर्यंतचे मूल धरले जाई. पुढे २२ किलोपर्यंतच्या मुलांसाठी वेगळा भाग जोडला गेला. साधारण साडेतीन वर्षांवरून मर्यादा सहा-सात वर्षांपर्यंत सरकली. वय, उंची आणि वजन मोजता येते. दुपारी तीन वाजता सात वर्षांचे पोर किती दमले आहे, हे यांतले एकही माप सांगत नाही.

विरोधी बाजूही खोटी नाही. एप्रिल २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलाला बाबागाडीत किंवा तत्सम जागी सलग एका तासाहून अधिक जखडून ठेवू नये आणि तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसातून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, असे त्यांत म्हटले आहे. काही दिवसांनीच, १ मे २०१९पासून, डिस्नेच्या अमेरिकेतील उद्यानांनी ३१ इंचांहून रुंद किंवा ५२ इंचांहून लांब बाबागाड्यांना मनाई केली आणि ओढायच्या गाड्याही बंद केल्या. गर्दीत त्यांचा अडथळा होतो, हे खरेच. माझ्याही घोट्यावर एका गाडीचे चाक आदळले. पण या दोन्ही ठिकाणी आक्षेप कशाला आहे ते पाहावे. एकीचा आक्षेप तासन्‌तास बसवून ठेवण्याला आहे, दुसरीचा गाडीच्या आकाराला. सात वर्षांच्या मुलाने दहा मिनिटे टेकण्याला दोघींचाही विरोध नाही. शिवाय पाळण्यांच्या रांगेत गाडी नेऊ देत नाहीत, ती बाहेर उभी करावी लागते. म्हणजे तासभर रांगेत मूल उभेच असते. गाडी वाचवते ती फक्त मधली पायपीट.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट पाहिली. दहा-अकरा वर्षांचा, लांब पायांचा एक मुलगा गाडीत बसून थेट रांगेत आत चालला होता. माझी नजर मुलाने टिपली. त्याने हळूच दाखवले, गाडीच्या दांड्याला लाल चिठ्ठी बांधलेली होती. ही गाडी चाकांच्या खुर्चीच्या जागी आहे, असा तिचा अर्थ. त्या मुलाच्या चेहऱ्यावर किंवा पायांवर काहीही दिसत नव्हते. सांध्यांचा विकार, श्वासाचा त्रास, गर्दीने बिथरणारे मन, यांतले काहीही असू शकेल. ते मला कळण्याची गरजही नव्हती. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य मी आदल्या दिवशी उच्चारले, तेव्हा ते लोक म्हणजे मीच होते.

आपल्याकडे हे शहाणपण नाही असे नाही. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर वारी जवळपास तीन आठवड्यांत कापते. वाटेत मुक्काम ठरलेले आणि मुक्कामांच्या मधे विसावेही ठरलेले. विसाव्याला टेकणाऱ्याला कुणी दुबळा म्हणत नाही, तो वाटेचाच भाग आहे. जत्रेत बाप पोराला खांद्यावर घेतो, तेव्हा पोराचे वय कुणी विचारत नाही. उद्यानात दिवसाचे तिकीट इतके महाग की, दुपारी खोलीवर परतणे जिवावर येते. सकाळी आठ ते रात्री दहा असा तो दिवस. तिथे विसावा आपल्याबरोबर ढकलत न्यावा लागतो.

तेव्हा माझे मत असे. मोठ्या मुलाला गाडी द्यावी, पण विसावा म्हणून. सकाळी त्याने चालावे, पळावे. दमल्याचे त्यानेच सांगावे आणि उतरायचे केव्हा हेही त्यानेच ठरवावे. पट्ट्यात अडकवून, हाती मोबाईल देऊन दिवसभर बसवले, तर तो पांगुळगाडाच. आणि गाडीतल्या परक्या मुलाचे वय मोजू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला म्हणाले, "काल मी बोलले ते चुकलं." ती म्हणाली, "असू द्या हो आई." पण गाडीचा दांडा तिने माझ्या हाती दिला. सकाळभर नातू गाडी स्वतःच ढकलत होता, आत माझी पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या. दुपारनंतर तो बसला. रात्री आतषबाजी संपायच्या आतच त्याला झोप लागली. गर्दीतून, माणसांचे घोटे सांभाळत, फाटकापर्यंत गाडी मी नेली.

परतीच्या तिकिटावर मुलाने पुन्हा खुर्ची मागितली होती. या वेळी मी ती नाकारली. मला दमायला झाले नव्हते, मी फक्त घाबरले होते, आणि भीतीवर विचारून विचारून रस्ता काढता येतो. ती खुर्ची खरोखर दमलेल्या कुणाच्या तरी उपयोगी पडली असेल.