दक्षिणेचे ग्रंथ झाले त्याची हकीकत

विद्येला आश्रय लागतो, आणि आश्रय मागावयाचा तर कोणापुढे तरी हात पसरावा लागतो. महाराष्ट्रात हा हात शंभरसव्वाशे वर्षे श्रावणमासी पसरला जात असे. त्या दानास दक्षिणा म्हणत. पुढे याच पैशातून मराठी ग्रंथकारांस पारितोषिके मिळू लागली. हा पालट कसा घडला, आणि घडल्यावर तो कितपत पुरा झाला, ही हकीकत मोठी बोधप्रद आहे.

दक्षिणेची प्रथा मुळात सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या घराण्याची. तळेगावास ते विद्वान ब्राह्मणांस धन देत. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले, सेनापतींचे तेज उतरले आणि दक्षिणेचा मान थोरल्या बाजीरावांनी पुण्यास आणला. नानासाहेबांच्या कारकीर्दीत तिला फार मोठे रूप आले. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा म्हणून प्रशस्त आवार होते. श्रावणात दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण तेथे लोटत. त्यांना आवारात घेऊन, बाहेर पडताना एकेकाच्या हातावर नाणी ठेवीत. शास्त्री व वैदिक यांची परीक्षा निराळी होई आणि त्यांना योग्यतेप्रमाणे अधिक रक्कम मिळे. मूळ हेतू विद्येच्या सन्मानाचा होता यात शंका नाही. परंतु परीक्षा देणारे थोडे आणि केवळ जन्माच्या बळावर उभे राहणारे पुष्कळ, असे होत गेले. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत तर दक्षिणा म्हणजे निव्वळ पुण्यसंचय होऊन बसला.

१८१८ साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टन साहेब मोठा धोरणी पुरुष. राज्य घेतले तरी मने हाती आली नाहीत हे तो जाणून होता. त्याने दक्षिणा एकदम बंद केली नाही. वर्षास ५०,००० रुपयांची मर्यादा घालून ती चालू ठेविली. पुढे याच निधीतील काही भागातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. तिलाच हिंदू कॉलेज म्हणत. दान घेऊन घरी जावयाचे, त्याऐवजी दानातून शाळा चालवावयाची, ही पहिली पायरी. मात्र तेथे शिकविली जाणारी विद्या जुनीच होती व शिकणारेही ब्राह्मणच होते. कालांतराने सरकारने दक्षिणेच्या यादीत नवीन नावे घेण्याचे थांबविले. जुने धनी जसजसे दिवंगत होत, तसतशी निधीत शिल्लक पडू लागली. या शिल्लकेचे करावयाचे काय, हा प्रश्न उभा राहिला.

तो काळ मराठी ग्रंथांच्या दृष्टीने कसा होता, हे ध्यानी घेतले पाहिजे. छापखाने निघाले होते, शिळाप्रेसवर पंचांगे व पोथ्या निघत होत्या. पण नवे ज्ञान सांगणारे गद्य पुस्तक लिहावे तर ते विकत घेणार कोण? बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाने १८३२ साली काढलेले ‘दर्पण’ १८४० साली बंद पडले. वाचणारा वर्ग नुकता कोठे तयार होत होता. अशा स्थितीत लेखकाने पदरमोड करावी किंवा सरकारी शाळाखात्याची वाट पाहावी, याहून तिसरा मार्ग नव्हता.

तिसरा मार्ग सुचविला तो पुण्यातील काही नवशिक्षित तरुणांनी. त्यांचे अग्रणी गोपाळ हरी देशमुख, म्हणजेच लोकहितवादी. त्यांचे वडील पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस. जुन्या राज्याच्या अन्नावर वाढलेल्या घरातला हा मुलगा, वय अवघे सव्वीस, सरकारी नोकरीत. १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात त्याची शतपत्रे प्रसिद्ध होत होती आणि आळसाने दक्षिणेवर जगणाऱ्या स्वजातीयांवर त्यांत कडक कोरडे ओढलेले होते. १८४९ साली या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, दक्षिणेच्या पैशाचा काही भाग उत्तम मराठी ग्रंथ रचणारांस पारितोषिक म्हणून द्यावा.

मागणी वरवर पाहता लहान. पण तीत एक मोठी उलथापालथ दडलेली होती. मनुष्यास दान द्यावयाचे म्हटले की तो कोण, कोणाच्या कुळातला, हे आधी विचारले जाते. ग्रंथास बक्षीस द्यावयाचे म्हटले की ग्रंथ कसा आहे एवढेच विचारावयाचे उरते. कर्ता कोणत्या जातीचा, हा प्रश्न निदान तत्त्वतः मागे पडतो. पुण्यातील सनातनी मंडळींनी हे नेमके ओळखले. धर्मादाय पैसा ब्राह्मणांचा, तो पोरांनी पळविला, अशी हाकाटी झाली. अर्जदारांस जातिबहिष्काराचे भय दाखविण्यात आले. त्या काळी वाळीत पडणे म्हणजे लग्नकार्य, श्राद्ध, पाणीपिणे सारेच अडणे. तेव्हा अर्जावर नुसती सही करणे हेही धारिष्टाचे काम होते.

सरकारने मागणी मान्य केली आणि १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. ग्रंथांची परीक्षा करून उत्तेजन देण्याचे काम ती करू लागली. पुढे याच निधीतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमण्याची वहिवाट पडली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते. रमण्यातील नाण्यांचे असे रूपांतर होईल हे नानासाहेबांच्या स्वप्नीही आले नसेल! रानड्यांनी तर पुढे १८९४ साली डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्स्लेशन सोसायटी काढून ग्रंथोत्तेजनाचे हेच काम चालविले.

परंतु कमिटी म्हटली की तीत बसणारी माणसे आली, आणि माणसांबरोबर त्यांची मतेही आली. १८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक रचून ते या कमिटीकडे पाठविले. जोतीराव तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. तीनच वर्षांपूर्वी, १८५२ साली, विश्रामबागवाड्यात सरकारने त्यांच्या शिक्षणकार्याचा शालजोडी देऊन गौरव केला होता. नाटकाची कथा साधी आहे. एक कुणबी, त्याची गरोदर बायको, आणि ग्रहांचे भय घालून त्यांना नागविणारा जोशी. अधूनमधून विदूषक येऊन बोचरी टीका करतो; एक पाद्री त्या जोडप्याशी संवाद करतो; अखेरीस नवराबायको दोघेही फुल्यांच्या शाळेत शिकावयास जाण्याचे ठरवितात. विद्या हाच माणसाचा तिसरा डोळा, हा त्याचा भावार्थ. मराठी रंगभूमीवर त्या वेळी विष्णुदास भाव्यांचे पौराणिक खेळ चालू होते. चालू काळातल्या शेतकऱ्याचे दुःख घेऊन कोणी नाटक लिहील ही कल्पनाच नवी.

कमिटीने ते नाकारले. फुल्यांनी पुढे १८८५ साली ‘सत्सार’मध्ये याची हकीकत दिली आहे. तिचा आशय असा की, कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही. नाटकात जोशीबुवांवर जो प्रहार आहे तो पाहता, नकाराचे फारसे आश्चर्य वाटू नये. पण ज्या पैशाच्या वाटपात जात पाहू नये म्हणून काही तरुणांनी बहिष्काराचे भय पत्करले, त्याच पैशाच्या दारातून एक माळ्याचा मुलगा सहा वर्षांत रिकाम्या हाताने परतला. लोकहितवादींचा अर्ज खोटा नव्हता. तो अर्धवट मंजूर झाला होता. पैशाचा हेतू पालटला, परीक्षकांची बैठक पालटली नाही. आणि १८८५ सालीच रानड्यांनी ग्रंथकार सभेस बोलाविले असता जोतीरावांनी येण्याचे नाकारले, त्या नकारामागे या जुन्या अनुभवाचा सल नसेल असे कसे म्हणावे?

‘तृतीय रत्न’ जोतीरावांच्या हयातीत छापले गेले नाही. १८९० साली ते वारले. हस्तलिखित अंधारात पडून राहिले, इतके की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली त्यांचे समग्र वाङ्मय प्रथम प्रसिद्ध केले तेव्हाही त्यात हे नाटक नव्हते. १९७९ साली ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकाने ते छापले. नंतरच्या आवृत्तीत मंडळाने त्याचा समावेश केला, अर्थात सरकारी खर्चाने.