विक्रीचा आकडा आणि कृतीचे आयुष्य : लुकिंग ग्लास स्टुडिओजचा इतिहास (१९९०–२०००)

प्रस्तावना

लोकप्रिय कलेचा इतिहास लिहिताना विक्रीचे आकडे हे सर्वांत सहज हाती लागणारे साधन असते. ग्रंथाच्या आवृत्त्या, चित्रपटाचे आठवडे, नाटकाचे प्रयोग यांवरून कृतीचे यश मोजण्याची सवय आपल्याकडेही जुनी आहे. व्हिडिओ गेम हे माध्यम तर जन्मतःच बाजारात वाढले. त्यामुळे त्याचा इतिहास बहुतेक वेळा खपाच्या कोष्टकांवरूनच लिहिला गेला आहे. परंतु या कोष्टकांत तळाशी असलेल्या, किंवा मुळीच नसलेल्या, काही खेळांनी पुढील पिढीच्या निर्मितीला वळण दिले. याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील लुकिंग ग्लास स्टुडिओज ही संस्था. प्रस्तुत लेखात तिचे खेळ का खपले नाहीत, आणि न खपताही ते कसे टिकले, या दोन प्रश्नांचा विचार केला आहे. यांपैकी दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा असून त्याकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे.

संस्थेचा उदय

पॉल न्यूरॅथ यांनी १९९० मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये ब्लू स्काय प्रॉडक्शन्स या नावाने ही संस्था सुरू केली. मार्च १९९२ मध्ये तिचा 'अल्टिमा अंडरवर्ल्ड' हा पहिला खेळ ओरिजिन सिस्टिम्स या प्रकाशकाने बाजारात आणला. खेळाडूला पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे, वर-खाली पाहता येणारे, चढउतार असलेले भुयारी जग त्यात होते. इड सॉफ्टवेअरचा 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' त्यानंतर दोन महिन्यांनी आला. त्यात जमीन सपाट होती आणि भिंती काटकोनात होत्या. तांत्रिकदृष्ट्या पुढे असलेला खेळ आधी आला. नाव मात्र दुसऱ्याचे झाले. येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. 'अल्टिमा अंडरवर्ल्ड'च्या सुमारे पाच लाख प्रती खपल्या, म्हणजे ही संस्था आरंभापासून अभागी होती अशी जी दंतकथा चाहत्यांत रूढ झाली आहे ती खरी नाही. पुढे लर्नर रिसर्च या संस्थेशी विलीनीकरण होऊन लुकिंग ग्लास हे नाव आले आणि केंब्रिज येथे तिचे कार्यालय स्थिरावले.

'सिस्टिम शॉक' : मुक्या आवृत्तीची किंमत

सप्टेंबर १९९४ मध्ये आलेला 'सिस्टिम शॉक' हा या संस्थेच्या विचारपद्धतीचा पहिला पूर्ण आविष्कार होय. सिटाडेल नावाच्या अंतराळस्थानकावर शोडान या कृत्रिम बुद्धिमत्तेने ताबा मिळविला आहे आणि खेळाडू तेथे एकटा आहे, एवढेच कथानक. डग चर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे आधीच्या खेळातील एक अडचण होती : संगणकातील पात्रांशी होणारे संवाद ठराविक पर्यायांत अडकत आणि जगाचा भास तुटे. त्यावर त्यांनी काढलेला उपाय असा की, जिवंत माणसेच ठेवायची नाहीत. स्थानकावरील सर्व कर्मचारी मृत किंवा विकृत झालेले. त्यांनी मागे ठेवलेल्या ध्वनिमुद्रित नोंदी वेचत खेळाडूने घडलेला इतिहास स्वतः जुळवायचा. इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धत ओळखीची वाटावी. दफ्तरातील सुटे कागद लावून घटनाक्रम उभा करण्यासारखेच ते काम आहे.

गंमत अशी, की ज्या ध्वनिमुद्रणावर ही रचना उभी होती तेच पहिल्या आवृत्तीत नव्हते. प्रकाशकाने आधी फ्लॉपी डिस्कवरील आवृत्ती विक्रीस काढली. तीत नोंदी केवळ अक्षररूपात होत्या. आवाजासह असलेली सीडी-रॉम आवृत्ती त्याच वर्षाच्या अखेरीस आली. तोपर्यंत परीक्षणे लिहून झाली होती आणि दुकानांतील पहिला बहर ओसरला होता. प्रकाशकाच्या वतीने काम पाहणारे वॉरन स्पेक्टर यांनी पुढे या निर्णयाबद्दल खेद व्यक्त केला आहे. शिवाय डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम' या खेळाचा पहिला भाग विनामूल्य वाटला गेला होता आणि दोन मिनिटांत तो कोणालाही खेळता येत असे. त्या सवयीच्या खेळाडूला वाकणे, झुकणे, डोकावणे, वस्तू हाताळणे यांसाठी पडदाभर बटणे असलेला 'सिस्टिम शॉक' जड वाटला यात नवल नाही. त्याच्या सुमारे एक लाख सत्तर हजार प्रती गेल्या. हा आकडा नगण्य नव्हे. परंतु 'डूम'च्या प्रसिद्धीपुढे तो झाकला गेला.

खेळ अवघड होता म्हणून अपयशी ठरला, हे स्पष्टीकरण मात्र अपुरे आहे. १९९६ मधील 'टेरा नोव्हा' या खेळाला चांगली परीक्षणे लाभूनही खर्च भरून निघाला नाही. याउलट १९९८ च्या अखेरीस आलेला 'थीफ' हा खेळ कमी अवघड नव्हता. त्यात शत्रूला मारण्यापेक्षा त्याच्या नजरेस न पडणे महत्त्वाचे. सावली आणि पावलांचा आवाज हीच खेळाडूची शस्त्रे. गालिचावरून चालताना आवाज दबतो, फरशीवर तो वाढतो आणि पहारेकरी तो ऐकतो. या संथ खेळाच्या सुमारे पाच लाख प्रती दोन वर्षांत खपल्या. तेव्हा रसिक तयार नव्हता असे सरसकट म्हणता येणार नाही.

अखेर

ऑगस्ट १९९९ मध्ये 'सिस्टिम शॉक २' आला. लुकिंग ग्लासमधून बाहेर पडलेले केन लेव्हिन, जोनाथन चे आणि रॉबर्ट फर्मियर यांनी १९९७ मध्ये स्थापन केलेल्या इरॅशनल गेम्सने तो मूळ संस्थेच्या सहकार्याने घडविला. नियतकालिकांनी त्याला वर्षातील उत्तम खेळांत स्थान दिले. एप्रिल २००० पर्यंत त्याच्या ५८,६७१ प्रती खपल्याची नोंद आहे. त्या काळात असे आकडे मुख्यतः दुकानांतील विक्रीवरून काढले जात, हे ते वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे. मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यातील खेळ फळीवर थोडे आठवडे राही आणि मग सवलतीच्या टोपलीत जाई. पुस्तकाला जी सावकाश फिरणारी कीर्ती लाभू शकते तिला येथे वावच नव्हता.

२४ मे २००० रोजी लुकिंग ग्लास बंद झाली. त्याच आठवड्यात आयन स्टॉर्मचा बहुचर्चित आणि खर्चिक 'डायकाताना' प्रसिद्ध झाला. दोघांचाही प्रकाशक आयडॉस हाच असल्यामुळे एकाच्या उधळपट्टीने दुसऱ्याचा बळी घेतला, असे सांगण्याचा प्रघात पडला. योगायोग आकर्षक आहे, पण केवळ त्यावर विसंबणे धाडसाचे ठरेल. विमानउड्डाणावरील 'फ्लाइट अनलिमिटेड ३' हा खेळ मायक्रोसॉफ्टच्या प्रतिस्पर्धी उत्पादनापुढे टिकला नव्हता आणि मार्च २००० मध्ये आलेल्या 'थीफ २'चे पैसे हाती येण्यास अवकाश होता. प्रकाशकाकडून उचल घेऊन काम करणाऱ्या संस्थेला एका खेळाचे यश दुसऱ्याच्या तोट्यातून वाचवू शकत नाही. आपल्याकडील सावकारी व्यवहार ठाऊक असणाऱ्यास हे वेगळे समजावून देण्याची गरज नाही.

न खपलेल्या कृतीचा वंशविस्तार

संस्था बंद झाल्यावर माणसे विखुरली, आणि त्यांच्याबरोबर कल्पनाही गेल्या. वॉरन स्पेक्टर यांच्या नेतृत्वाखालील 'डेउस एक्स' जून २००० मध्ये आला. केन लेव्हिन यांना 'सिस्टिम शॉक'चा तिसरा भाग करावयाचा होता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्यास नकार दिला. तेव्हा नाव बदलून, अंतराळाऐवजी समुद्रतळ घेऊन, २००७ मध्ये 'बायोशॉक' हा खेळ आला. मृतांच्या ध्वनिमुद्रित नोंदी, ओसाड पडलेले जग आणि विश्वासघात करणारा मार्गदर्शक आवाज हे सारे जुनेच होते. पण २०१० पर्यंत 'बायोशॉक'च्या चाळीस लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या. २०१२ चा 'डिसऑनर्ड' हाही याच घराण्यातला. 'सिस्टिम शॉक'मधील पहिल्या दरवाजाचा संकेतांक ४५१ होता. तो केंब्रिजच्या कार्यालयाच्या दाराचाच होता असे सांगितले जाते. नंतरच्या या तिन्ही खेळांत तोच अंक कोठे ना कोठे योजलेला आढळतो. गुरुपरंपरेचा असा निर्देश या माध्यमात विरळा.

जतनाचा प्रश्न

प्रभाव टिकला तरी कृती टिकतेच असे नाही. प्रकाशकाचे दुकान बंद झाले म्हणून ग्रंथालयातील पुस्तक वाचता येईनासे होत नाही. कापडात बांधलेले बाडही शंभर वर्षांनी उघडता येते. संगणकीय खेळ मात्र विशिष्ट यंत्र आणि प्रणाली यांवाचून मुका राहतो. 'सिस्टिम शॉक २' नव्या विंडोज प्रणालींवर नीट चालेना आणि तो कायदेशीरपणे विकतही मिळेना. कारण 'सिस्टिम शॉक' हे व्यापारचिन्ह इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे होते, तर स्वामित्वहक्क संस्था बुडाल्यावर मेडोब्रुक या विमा कंपनीकडे गेला होता. एका कल्पित विश्वाचे भवितव्य अशा रीतीने विम्याच्या कागदपत्रांत जाऊन पडले.

ही कोंडी २०१२ मध्ये दोन बाजूंनी फुटली. स्टीफन किक हे चित्रकार मध्य अमेरिकेत प्रवास करीत असताना त्यांना हा खेळ खेळावयाचा होता. तो मिळेना म्हणून शोध घेत ते विमा कंपनीपर्यंत पोहोचले आणि परवाना मिळवून त्यांनी नाइटडाइव्ह ही संस्था काढली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोणा अनामिकाने खेळाच्या मूळ यंत्रणेची सुधारित आवृत्ती प्रसृत केली. त्याआधी २०१० मध्ये 'थीफ'चा सोर्स कोड अनधिकृतपणे बाहेर आलेला होताच. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'सिस्टिम शॉक २' पुन्हा विक्रीस आला तेव्हा त्यात या निनावी श्रमांचा वाटा होता. एप्रिल २०१८ मध्ये पहिल्या भागाच्या मॅकिंटॉश आवृत्तीचा सोर्स कोड अधिकृतपणे खुला करण्यात आला आणि मे २०२३ मध्ये त्या खेळाचे नवे रूप प्रसिद्ध झाले.

या पुनरुज्जीवनात नियम कमी आणि योगायोग अधिक आहे. एका प्रवाशाला आठवण झाली नसती तर हा खेळ आज काही जुन्या चकत्यांपुरता उरला असता. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले. त्या आधारे बाजारातून गेलेले खेळ संशोधकांना दुरूनही पाहता यावेत यासाठी ग्रंथालयांना सवलत मागण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. त्यामुळे असा एखादा खेळ अभ्यासावयाचा असल्यास संशोधकाला अजूनही तो जेथे ठेवला आहे त्या इमारतीपर्यंत जावे लागते.