भूमीच्या उदरातील इतिहास

दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे धरणीकंपाने किल्लारी उद्ध्वस्त झाली, हे दुःख आपणां सर्वांस विदित आहेच. निसर्गाच्या कोपापुढे मनुष्याचा इलाज नाही. परंतु मनुष्याच्याच हातून होणारा विध्वंस मात्र टाळता येतो.

ज्या तेरणेच्या खोऱ्यात किल्लारी आहे, त्याच खोऱ्यात तेर हे प्राचीन नगर वसले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात ‘तगर’ म्हणून ज्याचा उल्लेख येतो, ते हेच. येथील कापड भडोच बंदरास जात असे. तेथील कै. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी गावच्या मातीत सापडणारी नाणी, मणी व मृण्मूर्ती आयुष्यभर जमविल्या. त्या विकल्या नाहीत. आज तेथील शासकीय संग्रहालयास त्यांचेच नाव आहे.

ह्याउलट गुप्तधनाच्या लोभाने कुदळ चालविणारे लोकही आहेत, आणि आता त्यांच्या हाती धातुशोधक यंत्र आले आहे. नाणे आपल्या थरात असेल, तर शेजारच्या विटेचा व खापराचा काळ सांगते. उपसून काढले की तो केवळ धातूचा तुकडा उरतो.

१८७८ च्या कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. परंतु कायद्याचा पहारा प्रत्येक टेकाडावर कोठून असणार? तो पहारा, ज्ञातिबांधवहो, आपणच केला पाहिजे. भूकंपाने आपले घर नेले. पूर्वजांचे घर आपल्याच हातांनी खणू नये.